अक्कांनी बांगड्या भरल्या नाहीत

मला सोनगीरच्या कासारीण अक्कांनी वाचवलं. हे मी सगळ्यात आधी लिहून ठेवते. पुढचं लिहिताना मी भरकटते आणि मग मुद्द्याचं राहून जातं. डॉक्टरांनीही वाचवलं, नाही म्हणत नाही. पण मला डॉक्टरांच्या दारात नेऊन उभं केलं ते अक्कांनी. आणि तेही कसं, तर लग्नघरात, दहा बायकांच्या देखत, माझ्या हातात बांगड्या भरायला नकार देऊन.

मी धुळ्यात एका मारवाडी कुटुंबात स्वयंपाकाला आहे, सोळा वर्षं झाली. माझं माहेर चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. दोन एसट्या बदलायच्या आणि मग पायी. शाळा चौथीत सुटली. सुटली म्हणजे काय, बिब्ब्याचा हंगाम आला की माय मला घरी ठेवायची, आणि एका वर्षी हंगाम संपला तरी मी परत गेलेच नाही. बिब्बा फोडून आतली गोडंबी काढायची, हे आमच्याकडच्या बायकांचं काम. दगडावर बिब्बा ठेवायचा, वरून दुसरा दगड मारायचा. काळं तेल उडतं. ते अंगाला लागलं की बिब्बा उततो. कातडी लाल होते, सुजते, फोड येतात, पाणी गळतं. म्हणून आधी हाताला राख आणि तेल चोळायचं. लहानपणी माझ्या हाताला तो कधीच उतला नाही. माय म्हणायची, तुझी त्याची ओळख आहे.

गेल्याच्या गेल्या वर्षी होळीला मी माहेरी गेले होते. मायचे गुडघे धरलेले, म्हणून पंधरा दिवस राहिले आणि तिच्या वाट्याचे बिब्बे फोडून दिले. धुळ्याला परत आले आणि आठ दिवसांत पापण्या खाजायला लागल्या. आरशात बघितलं तर दोन्ही पापण्या सुजलेल्या आणि जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा त्यांचा रंग.

माझे मालक, म्हणजे घरधनी, धरणगावला जिनिंगमध्ये कामाला आहेत, आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी बघितलं आणि हसले. "रंगपंचमीना रंग अजून धुया नई का?"

आमच्या भाभी, म्हणजे ज्यांच्याकडे मी स्वयंपाक करते त्या, म्हणाल्या, "बाई, आयशॅडो कुठून आणली? आम्हाला पण सांगा ना दुकान."

मीही हसले. मग बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे उठले. मायला फोन केला. तिला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

"बिब्बाच शे तो. तू शहरमा ऱ्हाई ऱ्हाईसन त्याले इसरी गयी, मंग तो बी तुले इसरी गया. तीळ-खोबरं वाटीसन लाव. आठ दिनमा जाई."

ते मला लागलं. बिब्बा मला विसरला! इतकी वर्षं मी गाव सोडून राहिले, त्याची ही शिक्षा आहे असं वाटलं, आणि शिक्षा म्हटली की माणूस गुपचूप भोगतं. तीळ-खोबरं वाटून लावायचे, खोबरं चावून खायचे, कुणाला काही दाखवायचे नाही. आठ दिवस झाले, महिना झाला. चट्टे जाईनात. उलट चैत्रात गच्चीवर पापड घालायचं काम निघालं आणि उन्हात दोन दिवस बसले तर गळ्याखाली, मानेवर, खांद्यांवर, जिथं जिथं ब्लाउज उघडा तिथं तिथं लाली पसरली. मी पदर घट्ट ओढून घ्यायला लागले. स्वयंपाकाच्या बाईच्या हातावर असलं काही दिसलं तर घरात कोण कणीक मळू देईल? भाभींसमोर कणीक मळायची वेळ आली की मी पाठ करून बसायचे.

त्यातच आणखी एक गोष्ट होत होती, जी मी बिब्ब्याशी जोडलीच नाही. पापड लाटून पाटावरून उठताना मला जमिनीला हात टेकावा लागायचा. मग एक हात पुरेना, दोन्ही टेकायला लागले. वरच्या फळीवरचा डबा काढताना हात खांद्याच्या वर जाईना. केस विंचरताना दोनदा थांबायचे. वय झालं, म्हटलं. चव्वेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नाही, पण कामाच्या बाईचं वय कुठे कॅलेंडर बघून होतं, असं मीच माझं समाधान करून घेतलं.

वैशाखात भाभींच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांच्यात लाखेचा चुडा वेगळा असतो. पण घरात काम करणाऱ्या आम्हा बायकांना, शेजारणींना हिरव्या बांगड्या भरायच्या ही भाभींच्या सासूबाईंपासूनची रीत. त्यासाठी दर कार्याला सोनगीरहून कासारीण अक्का यायच्या. साठीच्या असतील. काळ्यासावळ्या, उंच, आवाज असा की गल्लीच्या टोकाला कळावं अक्का आल्या. पेटी उघडायच्या आणि एकेकीचा हात आपल्या मांडीवर ओढून घ्यायच्या. हात दाबत, चोळत, बोटं एकात एक मिटवत बांगडी कधी आत सरकायची ते कळायचंही नाही. त्यांच्या तोंडाचा पट्टा मात्र चालू. "काय गं, नवरा भाकऱ्या थापतो का तुझ्या घरी? हात कसे लोण्यासारखे!" एकीला म्हणाल्या. "तुझा हात बघ, हे मनगट आहे का मुसळ?" दुसरीला. सगळ्या हसत होत्या.

माझा नंबर शेवटचा. मी मुद्दामच मागे राहिले होते. हातातल्या जुन्या बांगड्या मी आधीच उतरवून ठेवलेल्या. अक्कांनी माझा हात मांडीवर ओढला आणि बोटं दाबायला लागल्या. दाबता दाबता थांबल्या.

त्यांनी हात उजेडाकडे वळवला. बोटं सरळ केली. सांध्यांवरून अंगठा फिरवला, एकेका सांध्यावरून. मग माझा पदर बाजूला करून मानेकडे बघितलं, मग डोळ्यांकडे. गप्प झालेल्या अक्का मी पहिल्यांदाच बघत होते.

"हे कधीपासून?"

"बिब्बा उतलाय, अक्का. होळीला माहेरी गेले होते."

"हाऊ बिब्बा नई शे."

"आमच्याकडे बिब्बाच फोडतात, मला माहीत..."

"मलाही माहीत आहे बिब्बा." त्या हळू बोलत होत्या. "बिब्बा जिथं उडेल तिथं उततो. तो काय सांधे मोजून मोजून बसतो का? हे बघ. सांध्यावर डाग, मधे कातडी कोरी. परत सांध्यावर डाग. दोन्ही हातांना सारखं. आणि दोन महिने? बिब्बा दोन महिने राहतो का कुणाच्या अंगावर?"

मग त्यांनी विचारलं, "पाटावरून उठताना हात टेकतेस ना?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मालकांनाही नाही.

अक्कांनी माझा हात मांडीवरून उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवून दिला. रिकामा. डझनभर हिरव्या बांगड्या त्यांनी काढून ठेवलेल्या होत्या, त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि पेटीच्या तळाशी घातल्या.

"आज मी नई भरस," त्या म्हणाल्या. "आधी डागदरले दखाड. मंग भरसू."

कासारणीनं हातात घेतलेला हात रिकामा परत करायचा नसतो. सवाष्णीला तर नाहीच. भाभी पुढे आल्या. "अक्का, हे काय? शुभ काम आहे, दोन तरी भरा." अक्कांनी मान हलवली, पेटीचं झाकण लावलं. मी गॅस पेटवायचं निमित्त करून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मला रडू येत नव्हतं. मला राग आला होता. आणि रागाच्या खाली भीती.

निघताना अक्का स्वयंपाकघराच्या दारात आल्या. उंबऱ्यातूनच बोलल्या.

"भडगावला मनी सख्खी मोठी बहीण दिलेली होती. तिच्या हातावर असंच आलं, उठताना हात टेकायची. कोणी म्हटलं ऊन, कोणी म्हटलं उष्णता, कोणी म्हटलं देवीचं. वरीसभर मलम लावले. मग पोट फुगलं, तेव्हा कळलं आत गाठ होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, हे हातावरचे डाग कधीपासून? तेव्हा आम्हाला कळलं की डाग आणि गाठ एकच." त्या थांबल्या. "सवाष्ण गेली. नेताना बांगड्या भरायला मलाच बसवलं. मेलेल्या हातात बांगड्या भरताना सांधा दाबावा लागतो, बाई. ते सांधे मी विसरत नाही."

आणि गेल्या.

तुम्हाला वाटेल मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. नाही गेले. मी आग्रा रोडवर बांगड्यांच्या दुकानात गेले. लग्नघरात रिकाम्या हातानं वावरणं म्हणजे काय असतं ते बाईलाच कळेल. येणारीजाणारी पहिल्यांदा मनगटाकडे बघते, मग तोंडाकडे. मालक जिवंत आणि मी मोकळ्या हातांची. दुकानदारानं माझा हात बघितला आणि स्वतःचा हात मागे घेतला. "खरूज आहे का, मावशी?" त्यानं बांगड्या काउंटरवरून माझ्याकडे सरकवल्या. "घरी घाला." घरी घालायला गेले तर सांध्यांवरून जाईनात. सांधे ठणकत होते. दोन बांगड्या वाढल्या, काच टोचली, आणि त्या रक्ताकडे बघत मी किती वेळ बसले माहीत नाही. मग मनगटाला पिवळा दोरा बांधला.

त्या रात्री मालक आलेले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, पाटाचंसुद्धा. ते रंगपंचमीचा विनोद पुन्हा करतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "उद्या जाऊत."

सरकारी दवाखान्यात कातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझे हात टेबलावर पालथे ठेवायला सांगितले, आणि अक्कांनी जसा फिरवला होता अगदी तसाच अंगठा सांध्यांवरून फिरवला. मग म्हणाल्या, "मावशी, खाली उकिडव्या बसा. आता हात न टेकता उठा."

मी बसले. उठता येईना. मांड्यांना मी सांगतेय आणि मांड्या ऐकत नाहीत. मालकांनी पुढे होऊन उठवलं.

मॅडमनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. कातडीला आणि स्नायूंना एकदम सूज येते, असा तो आजार आहे. नाव लांबलचक, मला अजून नीट म्हणता येत नाही. संसर्गाचा नाही, कणीक मळली तर कुणाला होणार नाही. हे ऐकून मला आधी इतकं बरं वाटलं की पुढचं ऐकूच आलं नाही. त्यांनी परत सांगितलं. "हा आजार नुसताही होतो. पण काही जणांत, विशेषतः तुमच्या वयात, शरीरात आत कुठे कॅन्सरची गाठ लपलेली असते आणि तिची खूण आधी कातडीवर येते. असेलच असं नाही. पण शोधल्याशिवाय सोडायचं नाही."

कॅन्सर हा शब्द मी टीव्हीवर ऐकला होता. माझ्या तोंडासमोर बसून कुणी तो म्हटला नव्हता. माझं काही दुखत नव्हतं! पोट दुखत नव्हतं, भूक होती, पाळी थोडी मागेपुढे, ती काय सगळ्यांचीच. न दुखणाऱ्या अंगात असं काही असू शकतं, ही भीती वेगळीच. त्या दिवसापासून मी स्वतःच्या पोटावर हात ठेवायला घाबरायला लागले. आंघोळ करताना नुसतं पाणी ओतायचे.

रक्त तपासलं. सोनोग्राफी केली. सोनोग्राफी साफ आली.

मी देवाला नारळ फोडला. सुजेच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, पापण्या थोड्या उतरल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, सीटी स्कॅन करूच. मी हो म्हटलं आणि गेले नाही. लग्न होतं, पाहुणे होते, हजार कारणं. खरं कारण एकच. साफ म्हटलंय ना, आता परत कशाला विचारायचं? परत विचारलं आणि उत्तर बदललं तर?

लग्नानंतर पंधरा दिवसांनी अक्का आल्या. पेटी न घेता. मी आनंदानं सांगितलं, "अक्का, काही नाही निघालं. भरा आता बांगड्या."

"कोणती तपासणी?"

"सोनोग्राफी."

अक्का पायरीवर बसल्या. "पहिली सोनोग्राफी मनी बहीणनी बी साफ व्हती."

एवढंच. मी भांडी घासत होते, हातातली कढई तशीच राहिली. नळ वाहत होता. अक्कांनी उठून नळ बंद केला.

"डागदरीणनं अजून काही सांगेल शे का?"

"सीटी स्कॅन."

"मंग चाल."

"आत्ता? अक्का, भाजी फोडणीला..."

"भाभी करतील फोडणी. त्यांना येते." मग आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांचा तो गल्लीभर जाणारा आवाज लावला, "भाभी! तुमची बाई मी नेते आहे. आज वरणभात खा!"

भाभी बाहेर आल्या. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "रिक्षानं जा, चालत नका जाऊ."

सीटीमध्ये दिसलं. डाव्या अंडाशयावर बोराएवढी गाठ. सोनोग्राफीत आतड्यांच्या आड राहिली होती. मॅडमनी जळगावच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

धुळ्याहून जळगावला एसटीनं गेलो, मी, मालक आणि अक्का. त्या दिवशी सोनगीरचा बाजार होता, अक्कांच्या धंद्याचा दिवस. मी म्हटलं, तुम्ही नका येऊ. त्या म्हणाल्या, "बांगड्या काय भाजी शे का नासायला?" पारोळा गेलं, एरंडोल गेलं. मी खिडकीतून बघत होते आणि मला प्रत्येक गोष्ट शेवटची वाटत होती. कपाशीची उघडी रानं, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, एक बाई डोक्यावर पाट्या घेऊन चाललेली, हात वर करून धरलेल्या. मी तिच्या हातांकडेच बघत राहिले. अक्कांनी सगळा रस्ता माझं मनगट धरलं होतं, दोऱ्यावरून. एकदा झोप लागली त्यांना, तरी हात सुटला नाही.

ऑपरेशनच्या आधी नर्सनं सांगितलं, दागिने, बांगड्या सगळं काढा. बाकीच्या बायका काढताना रडत होत्या, साबण लावून लावून बांगड्या ओढत होत्या. माझ्या हातात काढायला काही नव्हतं. नर्सनं तेवढा दोरा कात्रीनं कापला. टेबलावर झोपवलं तेव्हा वरचे दिवे बघून मला बिब्ब्याचे दगड आठवले, का ते माहीत नाही. मायला मी काही कळवलं नव्हतं. म्हटलं, मेले तर तिला वाटेल बिब्ब्यानंच मारलं.

गाठ कॅन्सरचीच होती. पण पसरली नव्हती. जळगावच्या डॉक्टरांनी शब्द मोजून सांगितलं, "वेळेत आलात. पोटानं सांगायची वाट बघितली असती तर उशीर झाला असता." मग सलाइनमधून औषधं सुरू झाली. केस गेले. उलट्या झाल्या. त्याच काळात, जेवण जात नव्हतं त्याच काळात, सांध्यांवरचे डाग फिके होत गेले. मी रोज सकाळी खिडकीच्या उजेडात हात धरून बघायचे. अजून बघते. चहा ठेवायच्या आधी हात बघते. एखाद्या सांध्यावर साधं खरचटलं तरी दिवसभर जेवण गोड लागत नाही. दर तीन महिन्यांनी तपासणीला जायचं असतं. त्याच्या आधीचे आठ दिवस मी कुणाशी नीट बोलत नाही. मालकांना सवय झाली आहे.

औषधं संपली, डोक्यावर बोटभर केस आले, तेव्हा अक्का पेटी घेऊन आल्या. पेटीच्या तळातून वर्तमानपत्राची पुडी काढली. त्याच बांगड्या. वर्षभर त्यांनी त्या विकल्या नव्हत्या. माझा हात मांडीवर ओढला, सांधे दाबले, आणि एक एक करून भरल्या. शेवटची सरकली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता जड वाटतील काही दिवस." आणि मग नाक पुसून, "मुसळ नाही, काडी झाली मनगटाची, खा काहीतरी!"

मायला मी शेवटी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग बिब्बानी काही करं नई तुले?" नाही म्हटलं, त्यानं काही नाही केलं. तिला त्याचंच बरं वाटलं.

आता जे राहिलं ते. जळगावच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, घरात, रक्ताच्या नात्यात कुणाला अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का? ज्यांच्या सख्ख्या बहिणीला झाला त्यांनी तपासून घ्यावं, म्हणाले. मी नाही म्हटलं. पण माझ्या मागे खुर्चीवर अक्का बसल्या होत्या, आणि त्यांच्या बहिणीची गाठही अंडाशयातलीच होती, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. मला होतं. मी वळून बघितलं. अक्का खिडकीतून बाहेर बघत होत्या.

तेव्हापासून मी अक्कांच्या मागे लागले आहे, तपासून घ्या म्हणून. त्या हात पुढे करतात. "मना हात दख. शे का एक बी डाग?" डाग नाही. पण डॉक्टर मॅडमना मी विचारून घेतलं आहे, डाग सगळ्यांना येत नाहीत. काही गाठी कातडीवर चिठ्ठी पाठवतच नाहीत. हे मी अक्कांना सांगितलं तर हसल्या. "इतक्या जणींचे हात धरले, मना कोण धरी?" आणि लगेच दुसऱ्या बाईच्या मनगटाला नावं ठेवायला लागल्या. ज्या बाईनं मला नळ बंद करून उठवलं, तीच घाबरते आहे. मी ओळखते ती भीती. साफ असेल असं धरून चालायचं, आणि परत विचारायचं नाही.

अक्का, तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून हे मी तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तुमच्या पायरीवर बसून. तुमचे उपकार माझ्या स्वयंपाकानं फिटणार नाहीत. पण एक दिवस मी सोनगीरला येईन, बाजाराच्या दिवशीच येईन, तुमची पेटी बंद करीन आणि तुमचं मनगट धरून तुम्हाला एसटीत बसवीन. रांगेत मी तुमच्या शेजारी बसेन. तुम्ही आवाज चढवलात तरी हात सोडणार नाही.